भूकंपाची महत्ता: ६ आणि ७ यांत फरक किती?

प्रश्न: भूकंपाच्या बातमीत अजूनही 'रिश्टर स्केल' असेच छापले जाते, परंतु शास्त्रज्ञ आता निराळे मापन वापरतात, असे वाचनात आले. मग महत्तेच्या (म्हणजे भूकंपाच्या एकूण आकाराच्या) ६ आणि ७ या आकड्यांतला फरक नेमका किती समजावा?

प्रतिसाद १: रिश्टर यांच्या १९३५ च्या पद्धतीत, केंद्रापासून १०० किलोमीटरवरील ठरावीक बनावटीच्या भूकंपमापकाची रेघ १ मिलिमीटर हलली, तर महत्ता ३ धरली जाई. महत्ता एकने वाढली की रेघेची उंची दहापट होते, ऊर्जा मात्र सुमारे ३२ पट. त्यामुळे 'एकाचाच तर फरक' असे कृपया समजू नये.

प्रतिसाद २: एक भर घालतो. फार मोठ्या भूकंपांना ती मोजपट्टी अपुरी पडते, म्हणून १९७९ मध्ये आघूर्ण महत्ता मांडली गेली. तिच्यासाठी भ्रंशाचे (ज्या भेगेवर खडक सरकतात तिचे) सरकलेले क्षेत्रफळ, सरासरी सरकलेले अंतर आणि खडकाची दृढता यांचा गुणाकार करतात. चिलीतील १९६० चा भूकंप तिच्यावर ९.५ भरतो.

प्रतिसाद ३: महत्तेला 'तीव्रता' म्हणण्याची चूक फार रूढ आहे. तीव्रता म्हणजे त्या-त्या ठिकाणी जाणवलेली हादऱ्याची धग. ती मर्काली श्रेणीत १ ते १२ अशी, भिंतींना गेलेले तडे वगैरे पाहून ठरते. म्हणूनच एका भूकंपाची महत्ता एकच, तीव्रता मात्र जागोजागी वेगळी.