स्टाइन्स;गेट: मालिका बघून झाली असेल तर गेम घ्यावा का?

मिरजकर_वाचक
नमस्कार मंडळी. 'स्टाइन्स;गेट' हा वाचत खेळायचा कालप्रवासाचा जपानी गेम स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) घ्यायचा विचार चाललाय. लॅपटॉप आय-३, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. २०११ ची ॲनिमे मालिका बघून झाली आहे. मालिका बघितल्यावर गेममध्ये काही नवं उरतं का? सुरुवात रटाळ आहे असं सगळेच म्हणतात, ते कितपत खरं? आणि अनेक शेवटांपैकी 'ट्रू एंडिंग', म्हणजे कथेचा खरा शेवट, गाइडशिवाय मिळतं का? नव्यांसाठी गुपितं जपून लिहा, एवढीच विनंती.

कृष्णाकाठ (सांगली)
लॅपटॉपची काळजी सोडा. स्थिर चित्रं, आवाज आणि मजकूर एवढाच कारभार आहे, कार्ड लागत नाही.

गेम घ्याच. मालिका २४ भागांत एकाच वाटेने जाते. गेममध्ये सगळं नायक ओकाबेच्या डोक्यातून कळतं. 'वेडा शास्त्रज्ञ' हे सोंग तो नेमकं कधी आणि कशाच्या भीतीने घेतो, हे इथे ओळीओळीला जाणवतं. मामोरू मियानोचा आवाज दोन्हीकडे आहे, पण गेममध्ये पडद्यावर फारसं काही हलत नसल्याने प्रसंगाचा सगळा भार त्या आवाजावर येतो आणि तो पेलतो.

कालप्रवासाची मांडणीही इथेच नीट पोचते. डी-मेलला (भूतकाळात पाठवायच्या मेलला) ३६ बाइट्सची मर्यादा आहे, म्हणजे १८ जपानी अक्षरं, तीही सहा-सहाच्या तीन तुकड्यांत. भूतकाळाला जे सांगायचं ते एवढ्यात बसवायचं. साहजिकच निरोप मोघम जातो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. लेखकाने नियम आधी सांगितला आणि मग त्याच नियमात पात्रांना अडकवलं, ही मला या गेमची सगळ्यात मोठी ताकद वाटते.

रटाळपणा खरा आहे. सगळे शेवट धरून ३० ते ४० तासांचं वाचन, आणि त्यातले पहिले दहाएक तास टोकियोच्या अकिहाबारा भागातल्या एका खोलीतल्या गप्पा, 'डॉक्टर पेपर' हे शीतपेय, मायक्रोवेव्ह आणि केळी. आपल्या नाट्यपंढरीच्या भाषेत सांगायचं तर पहिला अंक फार लांबलाय. पण पुढे एकेक डी-मेल रद्द करायची वेळ येते, म्हणजे ज्याची त्याची इच्छा परत हिरावून घ्यायची, तेव्हा ते काळजाला लागतं ते या गप्पांमुळेच. इंटरनेटवरच्या बोलीतले विनोद मात्र निम्मे कापले असते तरी चाललं असतं.

अजिंक्यतारा (सातारा)
ट्रू एंडिंगबद्दल मी कडक बोलणार. गेमची कच्ची बाजू तीच आहे.

नेहमीसारखे 'हे की ते' असे पर्याय इथे येत नाहीत. सगळं ओकाबेच्या फोनवर चालतं. मेल येतो, त्यातले काही शब्द निळे आणि अधोरेखित असतात, त्यातला जो शब्द निवडाल त्याप्रमाणे उत्तर जातं. कल्पना झकास. पण बहुतेक उत्तरांनी पुढच्या मेलपलीकडे काही बदलत नाही, आणि नायिका कुरिसूच्या मोजक्या मेलांवर मात्र अख्खं ट्रू एंडिंग अवलंबून. कुठला मेल महत्त्वाचा, याची कसलीही खूण नाही. चुकलेलं उत्तर त्या वेळी कळतच नाही. कित्येक तासांनी कुरिसूच्या शेवटावर गेम संपतो आणि पुढचं प्रकरण उघडत नाही, तेव्हा कळतं. गाइडशिवाय मिळालं तर नशीब.

त्यामुळे प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला नव्या जागी सेव्ह करा, जुन्यावर लिहू नका. कुरिसूचा मेल आला की उत्तराआधी आणखी एक सेव्ह. गाइडमधून फक्त तिच्या मेलांची उत्तरं बघा, बाकीची आपल्या मनाने द्या, नाहीतर वाचायची मजाच जाते. आणि फोन खिशातून न काढणं हेसुद्धा काही ठिकाणी उत्तरच असतं, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. मागे जाताना स्किप 'फक्त वाचलेला मजकूर' यावर ठेवा, म्हणजे नवी ओळ आली की आपोआप थांबतं.

मिरजकर_वाचक
बाकीचे शेवट ट्रूच्या आधी बघायचे की नंतर?

अजिंक्यतारा (सातारा)
आधी. सुझुहा, फेयरिस आणि लुका या पात्रांचे शेवट डी-मेल रद्द करायच्या क्षणी माघार घेतली की मिळतात, आणि ते ते क्षण या क्रमानेच येतात. तिथे सेव्ह करा, शेवट बघा, परत या. सुझुहाचा तर चुकवूच नका. तेच ते दिवस पुन्हा पुन्हा जगून माणूस आतून कसा बधिर होतो, हे मालिकेत एवढं पोचत नाही.

कराडची_ताई
सुझुहाबद्दल एकदम मान्य. पण फेयरिस आणि लुकाचे शेवट घाईत उरकलेत, तेही सांगा की. लुकाच्या 'मुलगा की मुलगी' या प्रश्नाची गेम आधी बराच वेळ थट्टा करतो आणि मग एकाएकी गंभीर होतो. ते जुळत नाही. ओकाबेचा मित्र 'दारू' याची अश्लील बडबडही सतत आहे. घरात मोठ्या आवाजात लावणार असाल तर हेडफोन घ्या.

भाषेचंही बघा. आवाज फक्त जपानी आणि वाचायला इंग्रजी, तीही भौतिकशास्त्राच्या शब्दांनी भरलेली. नवा शब्द आला की तो 'टिप्स'मध्ये जमा होतो. तिथे उघडून वाचत गेलात तर सर्न (संशोधन संस्था), जॉन टायटर (स्वतःला कालप्रवासी म्हणवणारा) वगैरे समजायला अडत नाही. चित्रकार हुकेची ती मळकट, खरखरीत रंगांची चित्रं सुंदर आहेत, पण पार्श्वभूमी फार कमी. तीच खोली, तोच रस्ता.

कृष्णाकाठ (सांगली)
ताई, लुकाबद्दल बरोबर आहे तुमचं.

मिरजकर, एक व्यवहाराची गोष्ट. स्टीमवर पैसे परत हवे असतील तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून मागावे लागतात. दोन तासांत या गेमची कथा जेमतेम बूड टेकते, तेवढ्यावरून पारख करू नका. सेल लागला की घ्या. 'एलिट' नावाची आवृत्ती दिसेल, ती घेऊ नका. त्यात मालिकेचीच दृश्यं वापरलीत, आणि ती तर तुम्ही बघितलीच आहेत. 'स्टाइन्स;गेट ०' हा वेगळा गेम आहे, तो यातले सहाही शेवट झाल्यावर घ्या.