कमल रणदिवे यांच्या संशोधनाचा प्रभाव मोजायचा कसा?

मंजिरी_क
कमल रणदिवे यांच्या कर्करोग संशोधनावर लेख लिहितेय. चरित्राचा भाग झाला. पण पुढच्या संशोधनावर त्यांच्या कामाचा काय परिणाम झाला, हे आकड्यांत मांडायला गेलं की अडतं. पबमेडवर (वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची) जुन्या निबंधांचे नुसते मथळे दिसतात, सारांश नाही. एच-इंडेक्स (किती निबंधांना किती दाखले मिळाले यावरून काढलेला एक आकडा) काढून द्यावा का?

ग्रंथपाल
एच-इंडेक्स देऊ नका. जॉर्ज हिर्श यांनी ही मोजणी २००५ साली सुचवली, आणि तिला संदर्भांची अखंड नोंद लागते. रणदिवे यांनी १९४९ साली पीएचडी केली. त्यांचं सुरुवातीचं बरंच काम भारतीय नियतकालिकांत आहे. स्कोपस या दाखले मोजणाऱ्या सूचीत संदर्भयाद्या साधारण १९७० पासूनच्या आहेत, म्हणजे १९६२ साली कोणी त्यांचा दाखला दिला असेल तर तो मोजलाच जात नाही. जो आकडा येईल तो खऱ्यापेक्षा कमी येईल.

शोधताना पबमेडमध्ये रोमन लिपीत आडनाव आणि 'के', 'जे' ही आद्याक्षरं जोडून टाका. 'कमल' टाकलंत तर जुनं हाती लागणार नाही, कारण २००२ पूर्वीच्या नोंदींत लेखकांची पूर्ण नावं सहसा नसतात. नुसतं आडनावही चालत नाही. १९७९च्या त्यांच्या एका निबंधात दोन रणदिवे आहेत, आद्याक्षरं वेगवेगळी.

वेब ऑफ सायन्स ही दाखल्यांची दुसरी सूची कुठल्या विद्यापीठात मिळत असेल तर साधा शोध सोडून 'साइटेड रेफरन्स सर्च' वापरा, तो इतरांच्या संदर्भयाद्यांत शोधतो. तिथे एकच निबंध चार-पाच रूपांत दिसतो: कुठे पान चुकलेलं, कुठे वर्ष, कुठे नियतकालिकाच्या नावाचा संक्षेप वेगळा. सगळ्यांवर खूण करून मगच पुढे जा. आणि त्यांच्या संस्थेसाठी 'आयसीआरसी' एवढंच टाकू नका, सगळी रेडक्रॉसची पानं येतील. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर असं पूर्ण लिहा.

पेशीद्रव्य
आकड्यांपेक्षा एक धागा धरून शेवटपर्यंत जा. सुपारीचा धागा घ्या.

१९७६ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'च्या १७व्या खंडात सुपारी आणि तंबाखूच्या कर्करोगकारकतेवर रणदिवे आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. १९७९ साली त्याच नियतकालिकात विड्यावरचे हॅमस्टरवरील प्रयोग आले. हॅमस्टरच का? त्याच्या गालात पिशवी असते, ठेवलेला पदार्थ तिथे टिकून राहतो. माणूस गालात विडा धरून ठेवतो त्याच्याशी हे जुळतं. उंदराच्या कातडीखाली अर्क टोचून गाठ आली तर प्रश्न उरतोच, की तोंडातही असंच होईल का?

आता जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे, आयएआरसीचे, दोन ग्रंथ उघडा: ३७वा खंड (१९८५) आणि ८५वा (२००४). दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांच्या भागात रणदिवे हे नाव शोधा. चौकटी कंसातली वाक्यं जरूर वाचा, ती तज्ज्ञगटाची स्वतःची टिप्पणी असते. प्रयोगाचं वर्णन आणि त्यावरचं मत तिथे वेगळं कळतं. 'दाखला दिला' म्हणजे 'मान्य केलं' असं होत नाही, आणि हा फरक कुठलाही इंडेक्स दाखवत नाही.

जुन्या निबंधांत 'बीटल नट', नव्यांत 'अरेका नट'. दोन्ही शब्दांनी शोधा, नाहीतर निम्मं सुटेल.

मंजिरी_क
दोन खंडांत १९ वर्षांचं अंतर का?

पेशीद्रव्य
१९८५ साली तंबाखूसह विडा माणसात कर्करोग करतो एवढं ठरलं. तंबाखूशिवायच्या विड्याबद्दल मानवी पुरावा अपुरा मानला गेला. भारतात खाणारे बहुतेक तंबाखू घालून खातात, त्यामुळे सुपारीचा दोष वेगळा काढणं कठीण. तैवानमध्ये विड्यात तंबाखू घालत नाहीत. तिथली पाहणी हाती आल्यावर २००४च्या खंडात तंबाखूशिवायचा विडा आणि खुद्द सुपारी, दोन्ही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे ठरलेल्यांत, गेली. प्रयोगशाळेने बोट दाखवलं होतं, निकालाला माणसांवरचा पुरावा लागला. लेखात 'रणदिवे यांनी सिद्ध केलं' असं लिहू नका. त्यांचे प्रयोग त्या पुराव्यातला एक थर आहेत.

जीवाणू_प
कुष्ठरोगाच्या लशीबद्दलही जपून लिहा. 'रणदिवे यांनी लस शोधली' हे जागोजागी वाचायला मिळतं. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या ऊतीतून आयसीआरसी जीवाणू (नाव संस्थेवरून) वेगळा करून वाढवला, १९५८ साली ते प्रसिद्ध झालं. लस त्याच संस्थेत पुढे म. ग. देव यांच्या गटाने केली. तो जीवाणू कुष्ठरोगाचा नसून मायकोबॅक्टेरियम जीवाणूंच्या एव्हियम-इंट्रासेल्युलेअर गटातला ठरला, तरी दक्षिण भारतातल्या चाचणीत (निष्कर्ष १९९८) या लशीचं संरक्षण ६५.५ टक्के आलं, नुसत्या बीसीजीचं (क्षयाची लस) ३४.१. वंशावळ नीट लावलीत तर मान कमी होत नाही, आणि तुमच्या लेखातली चूक पुढे कोणी उतरवून घेणार नाही.