मदत हवी आहे: 'प्रोफेशनल' मिग-२१ म्हणजे नक्की कसं?

नाशिकचा_स्प्रू

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला असतो, नोकरी बँकेत. गेली नऊ वर्षं रात्री जेवणं आटोपली की प्लास्टिकची विमानं जोडत बसतो. आजवर एकतीस झाली, सगळी घरातच. बायको त्या कपाटाला विमानतळ म्हणते.

मागच्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकांची मुलगी पुण्याहून आली होती. काका १९६८ साली ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात लागले, मिग-२१ या लढाऊ विमानाच्या पंखांच्या जोडणीवर होते. येत्या फेब्रुवारीत त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तो कार्यक्रम काका टीव्हीसमोरून न हलता बघत होते म्हणे. तेव्हापासून ताईंच्या डोक्यात आहे. मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही करता ना तसं एक मिग बाबांना करून द्या. पैसे सांगाल ते. फक्त काम प्रोफेशनल हवं."

मी हो म्हणून बसलो आणि आता झोप उडाली आहे.

गेल्या वर्षी केलेल्या १/७२ मापाच्या मिग-२१ एमएफचे (एमएफ हा मिग-२१ चा एक प्रकार) फोटो खाली टाकलेत. लांबून बरं दिसतं. जवळ गेलात तर: पोटाखालचा सांधा उजेडात दिसतो. डाव्या पंखावरच्या चक्राच्या डिकलखाली (वरून चिकटवायचं छापील चित्र) हवा राहून चंदेरी झाक आली आहे. कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकावरच्या काचेच्या, आतल्या कडेला सुपरग्लूची वाफ धरून काच धुरकट झाली. हे काम कपाटात ठेवायला चालतं, पण दुसऱ्याकडून पैसे घेऊन द्यायचं झालं तर?

म्हणजे मला विचारायचं असं की हौशी काम कुठे संपतं आणि प्रोफेशनल कुठे सुरू होतं? आणि पैसे किती सांगू? याला मोजून ६२ तास लागले होते.

कट्ट्यावरचा

तयार मिळतं की! लाकडी किंवा फायबरचं, चकचकीत, खाली स्टँड, पितळी पाटी. तेच द्या. ६२ तास झोपा.

नाशिकचा_स्प्रू

काकांकडे तसलं एक आहे, निवृत्तीच्या वेळचं. त्याच्या नाकावर ते चष्मा अडकवतात.

टॉर्चवाला

फोटो मोठे करून पाहिले. रंगकाम छान आहे, विशेषतः उडालेल्या रंगाचे डाग. पण तुम्ही शेवटून सुरुवात करताय. सगळ्यांचंच असं होतं, कारण डाग पाडायला मजा येते आणि सांधा घासायला येत नाही.

आयपीएमएस ही प्लास्टिक मॉडेल करणाऱ्यांची संस्था १९६३ मध्ये इंग्लंडात सुरू झाली, आता बऱ्याच देशांत तिच्या शाखा आहेत. त्यांच्या स्पर्धांत परीक्षक आधी साध्या गोष्टी बघतात. दोन्ही पंख समोरून सारख्या कोनात आहेत का, चाकं तिन्ही टेकतात का, सांधे बुजलेत का, गोंदाचे बोटांचे ठसे आहेत का. टॉर्च मारून बघतात, म्हणून तर हे नाव घेतलंय मी. यात नापास झालात की पुढची कलाकुसर कोणी बघतही नाही.

तुमच्या तीन चुका तिन्ही याच खात्यातल्या, आणि तिन्हींना उपाय आहेत. सांध्यावर पुट्टी, मग ४०० च्या सँडपेपरपासून चढत चढत २००० पर्यंत, मग प्रायमर, मग पुन्हा बघा. प्रायमर खोटं बोलत नाही. डिकल लावण्याआधी चकचकीत क्लिअर कोट मारा, खरखरीत रंगावर हवा अडकणारच. काचेला सुपरग्लू अजिबात नको, लाकडाचा पांढरा गोंद लावा. वाळला की पारदर्शक होतो आणि वाफ सोडत नाही.

एक विचारतो. काकांच्या काळातलं विमान म्हणजे कॅमोफ्लाज की नुसता धातू? धातू असेल तर तुमची खैर नाही. चंदेरी रंगाखाली पेपरचा एकेक ओरखडा दिसतो.

फोमबोर्ड

मी याच धंद्यात आहे, पण विमानं नाही. पुण्यात बिल्डरांच्या सेल्स ऑफिसात ज्या इमारती काचेखाली ठेवलेल्या असतात, दिवे लागणाऱ्या, त्या आम्ही करतो. १/१०० किंवा १/२००. पोटापाण्याचं काम असल्यामुळे 'प्रोफेशनल' शब्दावर जरा हक्काने बोलतो.

टॉर्चवाले सांगताहेत ते सगळं खरं, पण ते स्पर्धेचं माप झालं. तुमच्या कपाटातली काही विमानं आमच्या कारखान्यातल्या कामापेक्षा स्वच्छ असतील. आमच्या मॉडेलला कोणी टॉर्च लावत नाही. गिऱ्हाईक हातभर लांब उभं असतं, म्हणून आम्ही हातभर लांबचंच काम करतो. लेझरने कापलेल्या एमडीएफच्या कडा काळ्या पडतात, त्या दर्शनी भिंतीला पुसतो, मागच्या भिंतीला नाही. हौशी माणूस मागचीही पुसेल. तो हौशी आहे म्हणूनच पुसेल, त्याला तास मोजायचे नसतात.

आमच्याकडे ज्याला चूक म्हणतात ती वेगळीच. एकदा सोळाव्या मजल्याला टेरेस दाखवायची राहिली. काम सुबक होतं, कडा न् कडा बसलेली. पण तो फ्लॅट टेरेससाठीच विकायचा होता. रात्रभर बसून मजला उतरवला. तेव्हापासून काम हातात घ्यायच्या आधी ड्रॉइंगवर सही घेतो. दुसरी चूक पोचवण्यातली. टेम्पोत कात्रजच्या घाटात काय निखळेल ते आधी निखळवून बघावं लागतं. तुमच्या मिगच्या नाकावरची ती सुई घ्या, पहिल्याच झाडणीत मोलकरीण तोडणार. पितळी नळीची करा आणि वर ॲक्रिलिकचा डबा द्या.

म्हणून माझा प्रश्न: काकांच्या हातातून गेलेलं मिग नक्की कोणतं होतं? तुम्ही एमएफ केलंय. ओझरला आधी कोणतं होत होतं?

पैशांचं थोडक्यात. तासांवर जाऊ नका, ६२ तासांचे पैसे कोणी देत नाही. सामान अधिक एक ठरीव आकडा, अर्धे आधी, आणि काय होणार नाही तेही लिहून द्या.

नाशिकचा_स्प्रू

फोमबोर्ड, तुमचा प्रश्न वाचून काल संध्याकाळी ते एमएफ घेऊन सरळ काकांकडे गेलो. भेटवस्तूचं कळू द्यायचं नव्हतं, म्हणून म्हटलं, "काका, सहज दाखवायला आणलंय."

काकांनी चष्मा लावला, विमान हातात घेतलं आणि उलटं केलं. माझा श्वास अडकला. रंग नाही, डिकल नाही, तो सांधासुद्धा नाही. पंखाखाली बोट फिरवत शस्त्रं-टाक्या टांगायचे पायलन मोजले. "चार पायलन? हे आमचं नव्हे रे. आमच्या सत्त्याहत्तरला दोनच." मग सुलटं करून कॅनॉपीवर टिचकी मारली. "आणि ही काच बाजूला उघडणारी. आमची सगळी काच एकत्र, पुढे उलटायची."

सत्त्याहत्तर म्हणजे टाइप ७७, मिग-२१ एफएल. ओझरला आधी तेच होत असे, एम हा प्रकार नंतर आला. टीव्हीवर निरोप दिला ते बायसन, म्हणजे नंतर सुधारलेलं मिग-२१. एफएल तर डिसेंबर २०१३ मध्येच निवृत्त झालं होतं, म्हणजे काका टीव्हीसमोर बसून दुसऱ्याच कुणाचा निरोप बघत होते. हे ताईंना माहीत नाही. मला तरी कुठे माहीत होतं?

पण खरं पुढे आहे. पंखावरच्या पॅनेल लाइनवर, म्हणजे पत्र्यांच्या जोडरेघांवर, मी काळा वॉश (पातळ रंग) दिलाय, छान उठून दिसाव्यात म्हणून. काकांनी त्यावरून नख ओढलं आणि विचारलं, "एवढी फट? इन्स्पेक्टरने पंख परत पाठवला असता." मी हसलो. घरी येऊन गणित केलं. रेघ ०.२ मिलिमीटर रुंद आहे. गुणिले ७२ म्हणजे १४.४ मिलिमीटर. दीड सेंटीमीटरची फट! आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाच्या पंखात! नऊ वर्षं मी या रेघा आणखी खोल कोरतोय आणि त्यालाच बारीक काम समजतोय.

टॉर्चवाला

आम्हीही तेच करतो. परीक्षकांना त्या रेघा आवडतात, खोटं कशाला बोलू. काकांना स्पर्धेला बोलावू नका.

एमएफवरून एफएल करायला जाऊ नका. फक्त पायलनची भोकं बुजवून होणार नाही, पाठीचा फुगवटाही वेगळा आहे. एफएल हे पीएफ या मिग-२१ च्या जुन्या प्रकाराच्या घराण्यातलं. १/४८ मध्ये एदुआर्द कंपनीचं पीएफ येतं, तिथून सुरुवात करा, आणि शेपटीचा उभा पंखा व इतर फरक भारतीय विमानांच्या फोटोंवरून ताडून घ्या. पंखांचा पसारा १५ सेंटीमीटरच्या आसपास होईल, ८० वर्षांच्या डोळ्यांनाही सोपं. वर ०.२ ची रेघ त्या मापात साडेनऊ मिलिमीटरवर येते, तेवढाच फायदा.

नाशिकचा_स्प्रू

तेच मागवलंय. १९७१ च्या आधीचं हवं असं काका बोलता बोलता म्हणून गेले, म्हणजे नुसता धातू. टॉर्चवाले, माझी खैर नाही हे कळलं. चकचकीत काळ्या थरावर चंदेरी लॅकर मारायचा विचार आहे. रेघांवर काळं अजिबात नाही, फार तर शेजारच्या पत्र्यापेक्षा एक छटा गडद.

टॉर्चवाला

बरोबर. काळा थर पूर्ण वाळू द्या, घाई केलीत तर वरचा चंदेरी तडकतो. आणि लॅकर पाऊसपाण्याच्या दिवशी मारू नका, दमट हवेत पांढरट ढग धरतात. डिसेंबरात नाशिकची हवा कोरडी असते, तेव्हा उरकून घ्या.

फोमबोर्ड

ताईंना 'टाइप ७७, दोन पायलन, काच पुढे उघडणारी, धातूचा रंग' एवढं लिहून पाठवा आणि हो म्हणवून घ्या. त्यांना यातलं काही कळणार नाही, तरी घ्या.

नाशिकचा_स्प्रू

पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: "दादा, बाबांना जे चालेल ते. पण चमकेल ना?" चमकेल म्हटलं.

आता शेवटची मदत. इंटरनेटवर एफएलचे फोटो आहेत, पण सगळे बाजूने किंवा वरून. काका विमान हातात घेतल्याबरोबर उलटं करणार हे आता मला माहीत आहे. कोणाकडे, कोणाच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या अल्बममध्ये, सत्त्याहत्तरचा पोटाकडून किंवा पंखाखालून काढलेला फोटो असेल तर इथे टाकाल का? कृष्णधवल, अस्पष्ट, कसाही चालेल.