स्वस्तातली, हाताने केलेली वॉल हँगिंग: गोवेकरांनो, तुमचे अनुभव सांगा

पर्वरीहून
नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय, हॉलची एक भिंत अख्खी मोकळी आहे आणि दारातून आत पाऊल टाकलं की नजर तिथेच जाते. कळंगुट-हणजुणच्या दुकानांत मोठमोठी मॅक्रेमची, म्हणजे दोरीला गाठी मारून केलेली, हँगिंग टांगलेली असतात ती मला फार आवडतात, पण किंमतीची चिठ्ठी बघितली की परत जागेवर ठेवते. म्हणून विचारतेय. तुम्ही घरी काय केलंत, सामान कुठून आणलंत, खर्च साधारण किती आला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावसाळ्यात त्याचं काय झालं? यूट्यूबवर व्हिडिओ ढिगाने आहेत पण ते कोरड्या हवेतल्या घरांचे, आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते त्यामुळे जे टिकलं तेच सांगा.

सुरुवात मीच करते. दिवाळी झाली की आकाशकंदिलाचा कागद फाटतो पण आतला बांबूच्या कामट्यांचा सांगाडा चांगला असतो. तो चांदणीचा सांगाडा पुसून घेतला, जुन्या स्वेटरची लोकर उसवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवीतिडवी ताणून गुंडाळत गेले आणि मधे सुंदर जाळी तयार झाली. शेजारच्या काकूंकडे नाताळच्या स्टारचा सांगाडा पडून होता तोही मागून आणला, असे लहानमोठे तीन एकाखाली एक बांधले. खर्च शून्य. लोकरीला बुरशी लवकर धरत नाही हा माझा अनुभव, धूळ मात्र बसते, ती झटकावी लागते.

डिचोलीहून
आमच्याकडे वर्तमानपत्राच्या नळ्या. विणकामाच्या सुईवर पेपर तिरका गुंडाळत न्यायचा, शेवटचं टोक फेविकॉलने चिकटवायचं आणि सुई ओढून काढायची. सरळ गुंडाळला तर नळी आखूड आणि जाड होते, तिरका गुंडाळला की लांब आणि कडक होते. मुलगी आणि मी टीव्ही बघता बघता ढीगभर करून ठेवतो. मग षटकोन करून मधमाशांच्या पोळ्यासारखे एकमेकांना जोडले. पावसाळ्यासाठी एकच गोष्ट सांगते, फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून दोन हात मारायचे आणि वाळल्यावर वरून वॉर्निश, नळीची दोन्ही तोंडंसुद्धा बुजवायची. दमट हवा तोंडातूनच आत शिरते आणि नळी मऊ पडते.

मडगावहून
मॅक्रेमचं मी जरा सविस्तर लिहितो कारण पर्वरीच्या ताईंना तेच आवडतंय, आणि हे पुरुषांनी करायचं काम नाही असं कोणाला वाटत असेल तर मासेमारीची जाळी कोण विणतं ते आठवा.

सुती दोरी ३ मिलिमीटरची घ्या, बाजारात किलोवर मिळते आणि तीच स्वस्त पडते, छोट्या रंगीत रिळांच्या नादाला लागू नका. दोरी किती कापायची हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. हिशोब असा की तयार तुकडा जेवढा लांब हवा त्याच्या आठपट दोरी कापायची, कारण ती मधोमध दुमडून दांडीवर अडकवतो आणि मग प्रत्येक पदर चौपट उरतो. म्हणजे दोन फुटांचं हँगिंग हवं तर दोरी सोळा फूट. खाली नुसती झालर मोठी सोडणार असाल तर कमी चालेल.

गाठ एकच आली तरी पुरे, चौकोनी गाठ. चार पदर घ्या, मधले दोन ताठ राहू द्या. डावा पदर मधल्यांच्या वरून उजवीकडे न्या, उजवा पदर त्या डाव्याच्या वर ठेवा, मधल्यांच्या मागून नेऊन डावीकडच्या फटीतून वर काढा आणि ओढा. ही अर्धी गाठ झाली. आता हेच उलट, उजवीकडून सुरू करून. दरवेळी डावीकडूनच सुरू केलंत तर पट्टी आपोआप पिळा घेत जाते, तोही प्रकार छान दिसतो, कडेला मुद्दाम तशा दोन पट्ट्या सोडा. पुढच्या ओळीत शेजारच्या दोन गाठींचे दोन-दोन पदर घेऊन गाठ मारली की जाळी तयार होते. खालची टोकं उसवायची आणि केसांच्या कंगव्याने विंचरायची, मग कात्रीने एकसारखी करायची.

दांडीसाठी कोलवा-बेताळभाटीच्या किनाऱ्यावर पावसाळा संपता संपता वाहून आलेली लाकडं मिळतात, पाण्याने घासून गुळगुळीत झालेली, रंगाने राखाडी. अशी दांडी कुठल्याही दुकानात मिळणार नाही. पण ते लाकूड थेट घरी टांगू नका. आत मुरलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि दांडी कायम चिकट राहते, मग दोरीही तिथूनच काळी पडायला लागते. बादलीत गोड्या पाण्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला, मग कडक उन्हात वाळवा. माझा सगळा खर्च दोन-अडीचशेच्या आत झाला, दांडी दर्याने दिली.

वास्कोहून
दादा, मीठाचं कारण आज कळलं, धन्यवाद. आमची अडचण वेगळी आहे, क्वार्टरमध्ये खिळा मारायला परवानगी नाही आणि चिकटवायचे हुक पावसाळ्यात रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात. मी शेवटी पडद्याच्या रॉडच्या एका टोकालाच हँगिंग अडकवलं. खिडकीशेजारी लांब पट्टीसारखं उभं लोंबतं आणि चांगलं दिसतं. हलकं असेल तरच हं.

साखळीहून
खिळ्यांवरून लिहितो, माझं सुतारकाम आहे. आपली जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा पोकळ-भुसभुशीत असतो, हातोडीने साधा खिळा ठोकला की भोक मोठं होत जातं आणि तांबडी माती गळते. ड्रिलने भोक पाडा, भोकातली माती फुंकून काढा, रावल प्लग (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) बसवा आणि स्क्रू पिळा. दुसरं म्हणजे पश्चिमेकडची बाहेरची भिंत टाळा, पावसाची झड तिथेच बसते आणि ओल आत येते. आतल्या पार्टिशनच्या भिंतीवर टांगलेलं वर्षानुवर्षं नीट राहतं. आणि हँगिंगच्या मागे वरच्या बाजूला बाटलीच्या बुचाचे दोन तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि कापड यात बोटभर अंतर राहतं आणि वारा खेळतो. कितीही महाग वॉर्निश मारा, वारा नसेल तर बुरशी येणारच.

काणकोणहून
शिंपल्यांचं कोणीच कसं लिहिलं नाही! आमच्या घरी तिसऱ्यो आणि शिणाण्यो या खायच्या शिंपल्या आठवड्याला असतातच, त्यांचीच कवचं वापरते. किनाऱ्यावरून पिशव्या भरून शंख आणू नयेत असं माझं ठाम मत आहे, रिकाम्या शंखात खेकडे घर करतात, आणि प्रवाळ तर चुकूनही उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे. स्वयंपाकघरातून निघतं तेवढं भरपूर होतं.

कालवण झालं की कवचं उकळून घ्यायची, आत चिकटलेला मांसाचा दोरा सुरीच्या टोकाने पूर्ण काढायचा, तो राहिला तर वास जात नाही. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर आणि पुढे उन्हात. भोक पाडायला ड्रिल लागत नाही. तिसरीचा जो फुगीर कोपरा असतो, बिजागरीजवळचा, तो ओल्या पॉलिश पेपरवर किंवा अंगणातल्या खरखरीत दगडावर घासत राहायचा, कवच पातळ होत होत तिथे आपोआप बारीक भोक उघडतं. तुटत नाही. शिणाणी लांबट आणि हिरवट-काळी, तिसरी पांढरी करडी, आलटून पालटून सुंभात ओवली की माळ खूप सुरेख दिसते. वाऱ्यावर किणकिणते म्हणून मी खिडकीजवळच्या भिंतीवर लावते. पावसाने हिचं काहीही बिघडत नाही, सुंभ तेवढा अधूनमधून बदलायचा.

केपेहून
माझ्याकडे सासूबाईंची तांबड्या चौकड्याची कुणबी साडी होती, जागोजागी विरलेली. तिचा चांगला राहिलेला तुकडा भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये ताणून बसवला, उरलेलं कापड मागे दुमडून टाके घातले. अशा तीन रिंगा, मोठी-मधली-लहान. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रिंगा स्वस्त मिळाल्या. कोणी आलं की त्याबद्दल विचारतंच.

पणजीहून
ताई, रागावू नका पण जुनी कुणबी साडी कापायला माझा जीव होत नाही. हातमागावरच्या जुन्या साड्या आता फार कमी घरांत उरल्यात, फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी त्या पुन्हा लोकांच्या नजरेत आणायला किती खटपट केली. मी पदर अख्खा ठेवून घडी घालते आणि बांबूच्या काठीवर वस्त्रासारखी टांगते, काठीवरच्या दुमडीला टाकासुद्धा घालत नाही. उन्हं थेट पडू देत नाही, रंग उडतो.

केपेहून
रागावले नाही, तुमचं बरोबर आहे. अख्खी असती तर मीही कापली नसती. माझी मधोमध फाटली होती आणि ट्रंकेत कसर लागायला लागली होती. आता निदान रोज डोळ्यांसमोर आहे.

पेडण्याहून
आमच्याकडे मोरजीला मोरजाईच्या देवळात कावीचं काम आहे, तांबड्या-पांढऱ्यातली नक्षी. त्यात रंगाने चित्र काढत नाहीत, पांढऱ्या चुन्यावर काव (तांबडी माती) घातलेला तांबडा थर देतात आणि तो ओला असताना टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा दाखवतात. घरी हे प्लायच्या तुकड्यावर जमतं. सुताराकडे कापून उरलेले तुकडे फुकट मिळतात. आधी वॉल पुट्टीचा जाडसर थर, तो पूर्ण वाळला की पॉलिश पेपरने सपाट. मग गेरू, थोडी पुट्टी आणि फेविकॉल पाण्यात कालवून वरून पातळ थर. बोट लावलं तर चिकटणार नाही पण नखाने ओरखडा उठेल अशा वेळी खरवडायला घ्यायचं. मुलांच्या कंपासपेटीतला कर्कटक काढा, वर्तुळातल्या पाकळ्या त्यानेच काढतात. कमळ, वेल, तुळशीवृंदावन, जे येईल ते. घाई करू नका, एका हातात पुसायला कोरडा ब्रश ठेवा, खरवडलेली तांबडी पूड लगेच झाडली नाही तर पांढऱ्यावर बसते आणि डाग पडतो.

हे करताना मला आपल्या देवळांच्या भिंतींकडे बघायची नजर आली. रंगकामाच्या नावाखाली कित्येक ठिकाणी जुनी कावी ऑइलपेंटखाली गेलीय, ते बघून पोटात कालवतं. तुमच्या गावात उरली असेल तर आधी फोटो काढून ठेवा.

फोंड्याहून
माझं छोटंसं. चवथ झाली, गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची माटोळी उतरवली की सुपारीचं एक शिपटं (घोस) मी देवाला नमस्कार करून बाजूला ठेवते, सावलीत वाळवते. तांबूस-तपकिरी होतं आणि वर्षभर टिकतं. पोफळीची विरीसुद्धा (झावळीच्या बुडाचं रुंद आवरण) वाळवून दडपणाखाली सपाट करायची, त्यावर पांढऱ्या रंगाने वेलबुट्टी. आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, हे सगळं खाली पडलेलंच असतं.

पर्वरीहून
किती छान लिहिताय सगळे! मी ठरवलंय, मडगावच्या दादांच्या पद्धतीने मॅक्रेम करायचं आणि खालच्या झालरीत काणकोणच्या ताईंसारख्या तिसऱ्यो ओवायच्या. एक शंका, शिंपल्यांच्या वजनाने सुती दोरी ताणून खाली येईल का?

मडगावहून
थोडी येते. म्हणून कवचं ओवायच्या आधी दोरी ओली करून वजन बांधून रात्रभर टांगून ठेवा, जेवढी ताणायची तेवढी ताणून घेते, आणि वाळल्यावरच कापा. फक्त कडेच्या पदरांत ओवा, मधल्यांत नको, नाहीतर जाळीचे चौकोन वाकडे होतात. आणि साखळीच्या दादांनी सांगितलेली बुचं आधीच लावून घ्या, टांगल्यावर लावायला त्रास होतो. दोरी म्हापशाला शुक्रवारी बघा, मडगावला न्यू मार्केटमध्येही मिळते, भाव करून घ्या.