थप्पीतून निट कापडाचा (फासे घालून विणलेल्या होजियरीचा) एकच थर रोबोटने कसा उचलायचा?

शिलाई_सेल
सोलापुरात युनिफॉर्मचे टी-शर्ट शिवणाऱ्या युनिटसाठी सेल बसवतोय. कापड सिंगल जर्सी (टी-शर्टचं साधं निट), पॉलिएस्टर-कॉटन, १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम. स्ट्रेट नाइफ कटरने कापलेल्या ४० थरांच्या थप्पीतून पाठीचा एक तुकडा उचलून ओव्हरलॉकच्या (कडा शिवणाऱ्या मशीनच्या) टेबलावर नेऊन ठेवायचा. सहा अक्षांचा छोटा रोबोट आणि चार व्हॅक्यूम कप लावलेत. शंभरात वीसेक वेळा दोन थर येतात, कधी कप रिकामेच वर येतात. जास्त प्रवाहाचा ब्लोअर लावल्यावर दोन थर येण्याचं प्रमाण उलट वाढलं. सुया टोचून कापड धरणारा नीडल ग्रिपर घ्यावा का? भोकं पडतील अशी मालकांना भीती आहे.

ग्रिपर_हवा
ते वाढणारच होतं. निटच्या फाशांमधून हवा आरपार जाते, त्यामुळे कपात निर्वात नीट तयारच होत नाही. प्रवाह वाढवला की वरच्या थरातून येणारी हवा खालच्या थरालाही ओढून घेते. सच्छिद्र कापडाला कप हे साधनच चुकीचं आहे.

नीडल ग्रिपर घ्या, पण सुयांची खोली बदलता येणारा. सुया ०.८ मिमीच्या बघा, त्या समोरासमोर तिरक्या शिरून कापड ताणून धरतात. १८० जीएसएम जर्सीची जाडी साधारण अर्ध्या मिमीच्या आसपास असते. सरळ खाली मोजलेली खोली ०.३ मिमीपासून सुरू करा आणि ०.०५ मिमीने वाढवत न्या. प्रत्येक सेटिंगला शंभर उचली करून शून्य, एक, दोन असे थर मोजा.

बहुतेक जण चुकतात ते उंचीत. ४० थरांची थप्पी दाबली की काही मिमी सहज बसते, म्हणून थर मोजून काढलेल्या उंचीवर रोबोट पाठवला तर सुया कधी हवेत राहतात, कधी दुसऱ्या थरात जातात. ग्रिपरला स्प्रिंगवर तरंगता पाय द्या आणि त्यावर सेन्सर लावा. पाय कापडाला टेकला की रोबोट थांबेल, मग सुया ग्रिपरमधून कापडात सोडा.

भोकांची भीती रास्त आहे. सूय फाशांच्या मधून गेली तर भोक मिटतं, पण टोक बोथट किंवा खरखरीत झालं की धागा तुटतो आणि धुतल्यावर तिथून उभी रेघ उसवत जाते. सुया शिलाईच्या मार्जिनमध्ये, कडेपासून ८ ते १० मिमीच्या आत टोचा आणि टोकं दर आठवड्याला भिंगाखाली बघा.

कटिंग_टेबल
ग्रिपरच्या आधी थप्पीच्या कडेवरून नख फिरवून बघा. थर पत्त्यांसारखे सुटे होत नसतील, एकमेकांना धरून ठेवत असतील, तर दोष कटिंगचा आहे. घर्षणाने पाती तापते, पॉलिएस्टर वितळून कडा चिकटतात, आणि मग कुठलाही ग्रिपर आणला तरी दोनच येणार. पातीला धार लावून घ्या, सिलिकॉन स्प्रे मारा, थर ४० वरून २५ वर आणा. जाड थप्पीत मधल्या थरांची उष्णता बाहेर पडत नाही.

तागा उघडून कापड किमान २४ तास सैल पडू द्या. ताणात कापलेला तुकडा नंतर आखडतो आणि रोबोटला दिलेले बिंदू चुकतात.

सिंगल जर्सीच्या कडा गुंडाळतात हेही धरून चाला: बाजूच्या कडा उलट बाजूकडे, वरच्या-खालच्या सुलट बाजूकडे. मार्जिनमध्ये सुया टोचायच्या तर उचलण्याआधी कड सपाट करणारा हवेचा झोत लागेलच.

शिलाई_सेल
नख फिरवून पाहिलं, कडा चिकटलेल्याच आहेत. आता दोन प्रश्न. दोन थर आले हे रोबोटला कळायचं कसं? आणि उचललेला तुकडा लोंबून घडी पडते, त्याचं काय?

ग्रिपर_हवा
थप्पीच्या टेबलाखाली लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) लावा. तुमचा तुकडा ५० × ७० सेमीचा धरला, तर गळा आणि मुंढे वजा जाऊन साधारण ५५ ग्रॅम भरेल. उचलल्यावर वजन ५५ ने घटलं तर एक, ११० ने घटलं तर दोन. मोजताना तुकडा थप्पीपासून पूर्ण सुटलेला हवा आणि पंख्याचा वारा टेबलावर नको.

सरळ वर उचलू नका. एक कोपरा २० ते ३० मिमी उचला, फटीत अर्धा सेकंद हवा मारा, मग साल काढल्यासारखं तिरकं ओढत न्या. लोंबणं टाळायचं तर मुळात लटकवूच नका: थप्पीची वरची पातळी आणि ओव्हरलॉकचं टेबल एका उंचीवर आणा, खाली लिफ्ट टेबल द्या आणि तुकडा सरकवत न्या. अटलांटाच्या सॉफ्टवेअर ऑटोमेशन (SoftWear Automation) या शिलाई-रोबोट कंपनीच्या यंत्रांतही कापड सपाट टेबलावरच सरकतं, कॅमेरा त्यावर नजर ठेवतो. सेवबो (Sewbo) या अमेरिकन कंपनीने २०१६ मध्ये दुसरा मार्ग दाखवला: पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्याने कापड ताठ करून रोबोटकडून टी-शर्ट शिवून घेतला. पण मग प्रत्येक नग धुवून वाळवावा लागतो आणि सांडपाणीही येतं. युनिफॉर्मच्या भावात ते बसवणं अवघड आहे.

कटिंग_टेबल
खोलीतली आर्द्रता ५५ ते ६५ टक्के ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती फार खाली जाते, पॉलिएस्टरमध्ये स्थिर वीज साठते आणि सुटे केलेले थरही पुन्हा चिकटतात. ह्युमिडिफायर जमत नसेल तर थप्पीच्या कडेला आयोनायझर बार (स्थिर वीज घालवणारी पट्टी) लावा आणि त्याची टोकं रोज पुसा, तंतू साचला की तो काम करत नाही.