एलईडीआधी वायरिंग तपासा

ट्रकच्या जुन्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब खोचला की काम झालं, असं एका भाऊंनी लिहिलंय. माझा अनुभव उलटा आहे. मी रत्नागिरीहून वाशीला आंबा नेतो, पावसाळ्यात मिळेल तो माल. मीही तसाच बल्ब बसवला होता. उजेड भरपूर, पण सगळा झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत! परशुराम घाटात समोरून येणारा प्रत्येकजण डिपर मारून शिव्या घालायचा, आणि त्यांचं बरोबरच होतं. कंपनीचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या बारीक तारेच्या जागेवरून बेतलेला असतो; एलईडीची चिप नेमकी तिथे आली नाही की डिपरवर उजेड खाली ठेवणारी रेषच मोडते.

दुसरं, ६००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढराशुभ्र उजेड आपल्या पावसात आणि धुक्यात उलटा डोळ्यांवर येतो. ओल्या डांबरावर तर काहीच कळत नाही. पिवळसर हॅलोजनच बरा.

शेवटी वायरमनने मीटर लावला. बॅटरीवर २४ व्होल्टच्या वर, बल्बपाशी जेमतेम २१. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडलेले, अर्थिंग गंजलेलं. रिले (बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारा स्विच) टाकून जाड वायर ओढली, अर्थिंग घासून घेतलं, कनेक्टरला पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा ७५/७० वॅटचा जुनाच साधा एच-फोर हॅलोजन बल्ब लावला, पण रस्ता दिसायला लागला.

एलईडीच हवा असेल तर लेन्ससकट अख्खा दिवा बदला, तोही २४ व्होल्टचाच. पिकअपवाल्याचा १२ व्होल्टचा उचलून आणू नका. आणि आरटीओ पासिंगचं आधी विचारून ठेवा.