मदत हवी आहे: कास्टिंग सोडून विमानाच्या सुट्या भागांच्या विक्रीत जातोय, टार्गेट कसं ठरवून घ्यावं?

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. अकरा वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीचं कास्टिंग विकतोय. पंप, ट्रॅक्टर, गिअरबॉक्स. रेट किलोवर, सँपल पास झालं की दोन-तीन महिन्यांत शेड्यूल सुरू. हा धंदा कळतो.

आता कागल पंचतारांकितमधल्या एका मशीन शॉपच्या मालकांनी बोलावलंय. दोन फाइव्ह अ‍ॅक्सिस मशिनं आहेत, गेल्या वर्षी एएस ९१०० (विमान उद्योगाचं क्वालिटी सर्टिफिकेट) मिळालं, अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट करायचे म्हणतात. हुद्दा रीजनल सेल्स मॅनेजर. भाग बेळगाव, बेंगळुरू, हैदराबाद आणि नाशिक. (आई म्हणाली, "म्हंजे तू इमानातनं फिरणार व्हय रं?" म्हटलं, आधी हायवेनं बेळगावकडच्या हत्तरगीच्या, विमानाचे भाग बनवणाऱ्या एसईझेडपर्यंत तर पोचू दे.)

गाडी अडलीय पगारावर. ६० टक्के फिक्स, ४० टक्के इन्सेन्टिव्ह, तोही बिलिंगवर आणि दुसऱ्या तिमाहीपासून. बेंगळुरूच्या एका ओळखीच्या परचेसवाल्याला विचारलं तर तो हसलाच. म्हणाला, पहिल्या भेटीपासून पहिल्या बिलापर्यंत दीड वर्ष धरून चाल. आधी व्हेंडर रजिस्ट्रेशन, मग ऑडिट, मग कोटेशन, मग फर्स्ट आर्टिकल (पहिल्या बनवलेल्या भागाची पूर्ण तपासणी). म्हणजे मी रात्रंदिवस राबलो तरी पहिलं वर्ष ६० टक्क्यांतच. घरचा हप्ता चालू आहे.

या लाइनमधल्यांनी सांगा, मालकांकडे काय मागू?

ओझरवाला:
मी विक्रीतला नाही, क्वालिटीतला. आधी मालकांना विचारा, माल नक्की कुणाला द्यायचाय? एअरलाइनला किंवा दुरुस्तीवाल्यांना सुटा भाग विकायचा तर त्यासोबत रिलीज सर्टिफिकेट (भाग विमानात बसवायला योग्य असल्याचा अधिकृत दाखला) लागतं, आणि ते एएस ९१०० च्या जोरावर कुणी देत नाही. ड्रॉइंगप्रमाणे भाग करून मोठ्या सप्लायरला देणं हा वेगळा धंदा, आणि तुमचा तोच दिसतोय.

दुसरं, एएस ९१०० सर्टिफिकेटवरचा स्कोप, म्हणजे ते कोणत्या कामांसाठी दिलंय, ते वाचा. गिऱ्हाईक ओअ‍ॅसिस या सर्टिफिकेटधारकांच्या डेटाबेसवर नाव टाकून बघतंच. अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणं) कुठे करणार? बहुतेक गिऱ्हाइकं नॅडकॅपवालाच (अशा खास प्रक्रियांची विमान उद्योगातली मान्यता असलेला) मागतात, कित्येकदा त्यांच्याच यादीतला. तो लांबचा निघाला तर भाडं आणि दिवस कोटेशनमध्ये धरा.

फर्स्ट आर्टिकलला सँपल समजू नका. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला नंबर, प्रत्येकाचं रीडिंग, मटेरियलचा हीट नंबर (धातूच्या घाणाचा क्रमांक) मिलच्या सर्टिफिकेटशी जुळलेला. आणि भाग दोन वर्षं बनवला नाही तर फर्स्ट आर्टिकल पुन्हा. २०२३ मध्ये लंडनच्या एका व्यापाऱ्याने खोट्या कागदांवर इंजिनाचे भाग विकल्याचं उघडकीस आलं, तेव्हापासून तर कागद जास्तच बारकाईने बघतात.

गडहिंग्लजची_सून:
मी सहा वर्षं हेच काम केलं, बेंगळुरूत. बिलिंगवर इन्सेन्टिव्ह पहिल्या वर्षी घेऊच नका. टप्प्यांवर मागा: रजिस्ट्रेशन झालं इतके, ऑडिट पास इतके, पहिलं कोटेशन मान्य इतके, फर्स्ट आर्टिकल पास झालं की सगळ्यात मोठा हप्ता. दुसऱ्या वर्षापासून बिलिंग. प्रवासखर्च पगारात मिसळू देऊ नका, बेंगळुरूच्या चार फेऱ्यांत महिना खलास होतो.

एक सवय मात्र शिरोलीतच सोडून या. कास्टिंगमध्ये रेट तुटला की आपण गुपचूप दुसरीकडून काम करून घेतो. इथे गिऱ्हाइकाला न सांगता जॉबवर्कवाला बदललात तर ऑर्डर तर जाईलच, नावही जाईल.

शिरोलीकर:
दोघांचेही आभार. काल मालकांकडे जाऊन आलो. प्रवासखर्च वेगळा, मान्य. रजिस्ट्रेशन आणि ऑडिटचा हप्ताही मान्य. अडलं ते फर्स्ट आर्टिकलवर. म्हणाले, "पार्ट पास झाला म्हंजे पैसं आलं काय?" मी म्हटलं, पार्ट पास झाला नाही तर पैसे कधीच येणार नाहीत. चहा झाला, विषय गुरुवारवर गेला.

स्कोप वाचला. त्यात मशीनिंग आहे, असेंब्ली नाही. मालक मात्र परवा कुणालातरी असेंब्लीचं कबूल करून बसलेत.

ताई, ऑफर लेटरमध्ये हे टप्पे कसे लिहून घेतले होते? मसुदा असेल तर व्यनि कराल का? गुरुवारच्या आत मिळाला तर बरं होईल.